न उठलेलं पुरळ

सकाळी अकराच्या सुमाराला मास्तरीणबाईंनी डाव्या गालाला हळूच बोट लावलं. खाजवायला सक्त मनाई होती, म्हणून गालावरची माशी हाकलावी तसं त्यांनी केलं आणि हात परत मांडीवर ठेवला. पाचेक मिनिटांत शेजारच्या खुर्चीतल्या नव्या मुलीनंही तेच केलं. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि नंतर दोघींनी मिळून लिटमसकडे.

लिटमस आपली निवांत फॉर्म भरत बसली होती. तिघींच्याही डाव्या गालावर एकाच पांढऱ्या डबीतलं फाउंडेशन होतं. डबीवर नाव नाही, गाव नाही, फक्त आकडा. मास्तरीणबाईंच्या गालावर आता लालसर बेटं दिसायला लागली होती. नवीच्या हनुवटीपासून कानापर्यंत तर रेघच उमटली होती. लिटमसचा गाल मात्र धुतल्या तांदळासारखा.

"लिटमसताई, तुम्हाला काहीच होत नाहीये?" नवीनं विचारलं.

लिटमसनं आरसा जवळ ओढला. गाल इकडून बघितला, तिकडून बघितला, दिव्याखाली धरला. "नाही गं," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता गाल पुन्हा एकदा आरशात तपासला.

अकरा वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. आधी लिटमसचा गाल पेटायचा, मग तासाभरानं बाकीच्यांचा, हा ठरलेला क्रम. तिचं नावच त्यावरून पडलं होतं. शाळेत आम्लात बुडवल्याबरोबर निळ्याचा तांबडा होणारा कागद सगळ्यांनी पाहिलेला असतो. तशी हिची कातडी, असं प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडम पहिल्याच महिन्यात म्हणाल्या आणि ते चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्यालासुद्धा आता ते नाव ठाऊक होतं.

ती जिथं काम करायची ती प्रयोगशाळा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खालून यंत्रांचा धडधडाट यायचा आणि वर टेबलावरचे आरसे बारीक थरथरायचे. मेडिकलच्या दुकानात खोकल्याच्या औषधाशेजारी एक फिरता स्टँड असतो, त्यावर स्वस्तातल्या लिपस्टिकी, काजळाच्या कांड्या, कॉम्पॅक्टच्या डब्या लटकत असतात. तो माल बनवणारे छोटे कारखानदार दुकानात पाठवण्याआधी आपल्या वस्तू इथं पाठवत. इथं चार बायका, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या मास्तरीणबाई धरून, तो माल आपल्या तोंडावर वापरून बघत; चौथी त्या दिवशी रजेवर होती. डाव्या गालाला नवी वस्तू, उजव्या गालाला जुनी, तपासलेली वस्तू. नऊ वाजता लावायचं, दर दोन तासांनी फोटो काढायचा आणि फॉर्म भरायचा. खाज, जळजळ, लाली, कोरडेपणा, प्रत्येकाला शून्य ते चार. काजळ ओघळतं का बघायला वीस मिनिटं जिने चढायचे-उतरायचे. लिपस्टिक किती टिकते बघायला पांढऱ्या कपातून चहा प्यायचा, आणि कप धुवायला टाकण्याआधी कडेवरचा डाग मॅडमना दाखवायचा.

या कामात लिटमस मुरलेली होती. स्वस्त म्हणजे वाईट नव्हे, हे ती नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली होती. गुळगुळीत डबीत, मखमली पिशवीत आलेल्या एका लिपस्टिकनं तिच्या ओठांना फोड आणले होते, आणि तकलादू झाकणाची एक लिपस्टिक तिनं पुढं चार वर्षं स्वतः वापरली. कॉम्पॅक्टवर बोट फिरवलं की ती सांगायची, ह्याचे दुपारपर्यंत नाकाशेजारी पापुद्रे निघणार. फाउंडेशन हाताच्या पाठीवर चोळून खिडकीशी नेलं की सांगायची, हे तासाभरानं राखेसारखं दिसणार. पण हे सगळं इतर बायकांनाही थोड्या सरावानं जमलं असतं. तिची खरी मत्ता म्हणजे कातडी.

लहानपणी ह्याच कातडीपायी तिनं काय कमी बोलणी खाल्ली होती? लोकरीचा कपडा अंगाला लागला की गांधी. साबण बदलला की चट्टे. हिला कापसात गुंडाळून कपाटात ठेवा, असं मावशी सगळ्यांसमोर म्हणायची. लग्न झाल्यावर सासूबाईंनी भांडी घासायच्या पावडरीवरून जे तोंड सोडलं, ते वर्षभर मिटलं नाही. प्रयोगशाळेत ती आली तीही फरशी पुसायला. एके दिवशी टेबलावर सांडलेली कुठलीशी क्रीम पुसताना तिचं मनगट दहा मिनिटांत लालभडक झालं. ती हात लपवत होती. काम जाईल अशी धास्ती. मॅडमनी तो हात धरला, घड्याळात पाहिलं आणि विचारलं, किती वेळ लागला? त्या क्रीमला बाकीच्या बायकांनी आदल्या दिवशी बिनतक्रार पास केलं होतं. आठवड्याभरात फडकं हातातून गेलं आणि लिटमस आरशापुढच्या खुर्चीत बसली. जी कातडी आयुष्यभर नडली, तिनंच तिला मान दिला होता.

म्हणून तो स्वच्छ गाल बघून तिचा जीव टांगणीला लागला.

तिनं फॉर्मवर शून्य, शून्य, शून्य लिहिलं. दुसरं काय लिहिणार? मॅडमनी तिन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि फाउंडेशनची डबी बाजूला काढली.

घरी जाताना बसमध्ये तिला मागचे महिने आठवायला लागले. गेला महिना शून्य. त्याआधीचा शून्य. त्याच्या आधीच्या महिन्यात एका मस्काऱ्याला एक दिला होता, तोही जरा उगाचच. मॅडम मध्यंतरी म्हणाल्या होत्या, हल्ली माल सुधारलाय. तिलाही तसंच वाटलं होतं. आता तिच्या मनात आलं, माल सुधारलाच नसेल तर? आपलीच कातडी मेली असेल तर? वय सेहेचाळीस. बाईच्या शरीरात या वयात काय काय बंद पडतं, तसं हेही बंद पडलं असेल. आणि आपण ज्याला ज्याला शून्य दिलं ते सगळं आता त्या फिरत्या स्टँडवर लटकत असेल. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. घर येईपर्यंत तिनं अर्ध्या गावाचे गाल सुजवून टाकले होते.

घरात पाऊल टाकते तर समोर मुलगी बसलेली. एकोणीस वर्षांची, फोन विकणाऱ्या एका दुकानात नुकतीच कामाला लागलेली. तिचा उजवा डोळा लालबुंद.

"काय लावलंस डोळ्याला?" लिटमसनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"काही नाही. दिवसभर स्क्रीनकडे बघून होतं असं."

"काजळ कुठलंय?"

मुलीनं पर्समधून कांडी काढून दाखवली. लिटमसला नाव वाचायची गरज नव्हती. जाड बूड, टोकाला किंचित निमुळती, मेणाचा मंद वास. दोन महिन्यांपूर्वी ती हेच काजळ डोळ्यांत घालून वीस मिनिटं जिने चढली-उतरली होती आणि तिनं शून्य लिहिलं होतं.

"तूच तर पास केलंस, मेडिकलमध्ये तूच दाखवलं होतंस," मुलगी म्हणाली. "मी दुकानात सगळ्यांना सांगते, आईनं पास केलेलं आहे, बिनधास्त घ्या."

लिटमसनं तिला मोरीत नेलं आणि डोळा तीनदा धुवायला लावला. मुलगी कुरकुरली, पाणी गार आहे म्हणाली, शेवटी चिडून आत निघून गेली. सासूबाई पलंगावरून हे सगळं बघत होत्या. तोंडाला रंग फासून पोट भरणाऱ्या सुनेला त्या अकरा वर्षं टोमणे मारत आल्या होत्या. पण तिचा चेहरा बघून त्या दिवशी गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना लिटमस मेडिकलमध्ये थांबली. प्रयोगशाळेत डबीवर आकडा असतो आणि दुकानात नाव, पण आपल्या हातून गेलेली वस्तू तिला अंधारातसुद्धा ओळखू आली असती. तिनं स्टँड फिरवून फिरवून पाच वस्तू उचलल्या: दोन लिपस्टिकी, एक कॉम्पॅक्ट, एक ब्लश, एक फाउंडेशन. घरी आणून तिनं खिडकीशी मांड ठोकली. काचेवर फासून बघितलं, पांढऱ्या कागदावर तेल सुटतं का बघितलं, जिभेच्या टोकाला लावून कडवट लागतं का बघितलं. सगळं ठीकठाक. पण ठीकठाक कुणाच्या मते? जिच्या गालावर आता तिचाच विश्वास नव्हता, तिच्या.

तिला दुसऱ्याची कातडी हवी होती. मुलीला ती हात लावणार नव्हती. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. उरला नवरा. तो बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा. तो आला, चहा प्यायला, आणि तिनं त्याला बाही वर करायला सांगितली. त्यानं कारण विचारलं नाही; बायकोच्या आवाजावरून कारण विचारायची ही वेळ नव्हे हे त्याला कळत होतं. कोपराच्या आतल्या बाजूला तिनं पाच पट्टे ओढले, शेजारी पेनानं आकडे घातले आणि उद्या संध्याकाळपर्यंत पाणी लावायचं नाही म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी डेपोत त्याची जी काही फजिती झाली, ती त्यानं घरी थोडक्यात सांगितली. इंजिनात हात घालताना बाही सरकली, आणि लिपस्टिकचे दोन पट्टे बघून तिथल्या लोकांनी ही कोण, एवढ्या शिस्तीत क्रमांक टाकून जाणारी, असं दिवसभर विचारलं. पण कोपर जसंच्या तसं होतं. लिटमसनं ते दिव्याखाली उलटसुलट करून बघितलं.

"काही नाही उठलं," तो म्हणाला. "झालं ना समाधान?"

समाधान कसलं? वीस वर्षं ग्रीस आणि डिझेलमध्ये बुडालेला तो हात. त्याच्यावर निखारा ठेवला असता तरी त्यानं फक्त किती वाजले ते विचारलं असतं.

शनिवारी मुलीचा दुसराही डोळा लाल झाला आणि सकाळी पापण्या चिकटल्या. लिटमस सुट्टी टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाकावर बसल्या बसल्या तिनं काजळाची कांडी रुमालात गुंडाळून हातात घट्ट धरली होती. डॉक्टरनं बॅटरीनं डोळे तपासले आणि सांगितलं, डोळे आलेत. साथ आहे. फोनच्या दुकानात आणखी कुणाचे लाल आहेत का विचारलं, तर मुलगी म्हणाली, तिघांचे. लिटमसनं रुमाल सोडून कांडी पुढं केली. डॉक्टरनं ती घेतली, नाकाशी नेली, परत दिली. बरे होईपर्यंत लावू नका आणि ही कांडी आता फेकून द्या, एवढंच ते म्हणाले. काजळानं काही झालेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बघ. उगाच जीव खात होतीस माझा." लिटमसनं मान डोलावली. छातीवरचा एक दगड खाली आला होता. पण त्याच्याखाली दुसरा होता.

डोळ्यांचं औषध घ्यायला ती मुलीला घरी पाठवून एकटीच मेडिकलमध्ये गेली. दुकान चालवणाऱ्या औषधवाल्या बाई मोजकं बोलणाऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या. लिटमसनं थेंब घेतले आणि जाता जाता सांगितलं, त्या सर्दीच्या गोळ्यांचं पण एक पाकीट द्या.

बाईंनी पाकीट काढलं, पण पुढं सरकवलं नाही. "ही अजून चालूच आहे? मी समजत होते सासूबाईंसाठी नेता."

मग सगळं बाहेर आलं. शेजारच्या इमारतीचं काम सुरू झाल्यापासून घरात सिमेंटची धूळ यायची. लिटमसला सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका. सासूबाईंकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या दुखण्यांच्या गोळ्या असत. त्यांनी एक काढून दिली. शिंका थांबल्या. तेव्हापासून रोज सकाळी एक.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"तीन महिने होतील."

"इतके दिवस डॉक्टरला न विचारता घ्यायची नाही ही. शिंकांबरोबर अंगावरची खाज पण दाबते. कातडीची तपासणी करायची असेल तर डॉक्टर आठवडाभर आधी ही बंद करायला लावतात."

कातडी मेली नव्हती. झोपली होती. तीच तिला रोज सकाळी एक घोट पाण्याबरोबर झोपवत होती. क्षणभर इतकं हायसं वाटलं की हसू आलं. आणि ते हसू ओठावर येतं न येतं तोच आठवलं, खुर्चीत बसवताना मॅडमनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. कुठलंही औषध सुरू केलंस तर आधी मला सांगायचं. पण सासूबाईंच्या बिस्किटाच्या डब्यातली गोळी म्हणजे औषध, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. औषध म्हणजे इंजेक्शन, औषध म्हणजे दवाखाना. ही तर घरातली गोळी.

ती तशीच उभी असताना स्टँडपाशी एक शाळकरी मुलगी आली. तेरा-चौदा वर्षांची. तिनं गुलाबी ब्लशची डबी उघडली, बोटाला थोडं लावलं, हाताच्या पाठीवर चोळलं आणि दाराशी उजेडात जाऊन हात तिरका करून पाहिला. अगदी लिटमस पाहायची तसाच. मग तिनं बाईंना विचारलं, हे चांगलं आहे का?

"ह्यांना विचार," बाईंनी लिटमसकडे बोट केलं. "ह्यांचं कामच ते."

मुलगी वळली. डबी लिटमसच्या चांगल्याच ओळखीची होती. तीन महिन्यांतल्या चौदा वस्तूंपैकी एक.

"थोडे दिवस थांबतेस का?" लिटमस म्हणाली. "दोन-तीन आठवडे."

"मला उद्या हवंय," मुलगी म्हणाली. तिला हे उत्तर विचित्र वाटलं असणार. तिनं एकदा डबीकडे पाहिलं, एकदा लिटमसकडे, आणि डबी घेऊन निघून गेली. लिटमसनं तिला जाऊ दिलं. नको घेऊस म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण अजून तिनं मॅडमनाही दिलं नव्हतं.

रविवारी घरात हाच विषय. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: गोळी बंद कर आणि गप्प बस. कुणी तक्रार केलेली नाही, कुणी विचारलेलं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "आपणहून हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो वाईट माणूस नव्हता. त्याला एवढंच ठाऊक होतं की बायकोला त्या खुर्चीतून उठवलं तर तिला पुन्हा फडकं हातात घ्यावं लागेल, आणि तिनं ते घेऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं.

सासूबाई पलंगावर बसून बिस्किटांचा डबा आवरत होत्या. एकेक पाकीट काढून चष्म्याजवळ धरत होत्या आणि परत ठेवत होत्या. शेवटी डबा मिटून त्या बोलल्या.

"मी दिली म्हणून सांग. म्हातारीनं बळंच गिळायला लावली म्हण. मला कोण कामावरून काढणार आहे?"

तेवीस वर्षांत सासूबाईंनी तिच्या वाटणीचा दोष आपल्या अंगावर घ्यायची ही पहिलीच वेळ होती.

सोमवारी ती अर्धा तास आधी गेली. मॅडम खिडकीशी उभ्या राहून डब्यांवरचे आकडे तपासत होत्या. लिटमसनं दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: गोळी, तीन महिने, औषधवाल्या बाई. सासूबाईंचं नाव तिनं घेतलं नाही. बोलता बोलता मध्येच खालचा छापखाना सुरू झाला, त्यामुळे शेवटचं वाक्य तिला दोनदा सांगावं लागलं.

मॅडमनी रजिस्टर काढलं. मागची पानं उलटत, बोट फिरवत त्या चौदापर्यंत आल्या. मग खुर्चीत बसल्या.

"मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"ते औषध आहे असं मला वाटलंच नाही हो. घरातली गोळी वाटली."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या ओरडल्या असत्या तर लिटमसला सोसलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, की शंका मलाही आली होती आणि मी विचारलं नाही, कारण शून्य आलेलं सगळ्यांनाच आवडतं. मग त्यांनी पत्रांचे कागद ओढले. चौदा वस्तू पुन्हा तपासायच्या आहेत, तोवर नवा माल पाठवू नये, असं प्रत्येक कारखानदाराला लिहायचं होतं. त्यांचा हात लिहिताना थांबत होता. प्रयोगशाळा लहान होती. अशी पत्रं गेल्यावर किती जण परत येतील याची खात्री नव्हती.

लिटमसला आरशापुढून उठवून डब्यांवर आकडे चिकटवायला बसवलं. गोळी बंद. धूळ होतीच. पहिल्या दोन दिवसांत शिंकांनी तिचा पार भुगा झाला. एका शिंकेसरशी चिकटवायचे आकडे उडून टेबलाखाली गेले आणि नवी ते हसत हसत वेचत बसली. रोज सकाळी मॅडम तिच्या हातावर एका जुन्या, नापास झालेल्या क्रीमचा ठिपका लावायच्या. पूर्वी त्या क्रीमनं ती वीस मिनिटांत लाल व्हायची. पहिला दिवस, काही नाही. चौथा दिवस, काही नाही. औषधवाल्या बाई आठवडा म्हणाल्या होत्या. आठवडा संपला, आणि हात तसाच पांढराफटक. सातव्या दिवशी दुपारी लिटमस मोरीत जाऊन रडून आली. मास्तरीणबाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, वर्गात उशिरा उत्तर देणारी मुलं ढ नसतात. लिटमसला ते पटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

नवव्या दिवशी ती डब्या मोजत असताना मनगटाच्या वर काहीतरी चुरचुरलं. तिनं बाही वर केली नाही. आपल्याला भास होतोय असं समजून दहापर्यंत मोजलं. मग पाहिलं. ठिपक्याच्या जागी तांबूस वर्तुळ, कडेला बारीक पुरळ. ती मॅडमच्या टेबलापर्यंत पळत गेली. कुणाला खाज सुटल्याचा एवढा आनंद झालेला मॅडमनी जन्मात पाहिला नसेल.

मग चौदा वस्तू पुन्हा लागल्या. या खेपेला चौघींनी मिळून, आणि मॅडम स्वतः हातावर लावून बसल्या. काजळ निर्दोष निघालं. लिपस्टिकी निर्दोष. कॉम्पॅक्टचे पापुद्रे पडत होते, पण ते पूर्वीही पडत होते आणि तसं लिहिलेलंही होतं. एकेक शून्य लिहिलं की लिटमस पाच मिनिटं थांबायची, परत आरशात बघायची आणि मगच पुढं जायची. फेरतपासणीच्या अकराव्या दिवशी गुलाबी ब्लशची पाळी आली. लावून पाऊण तास झाला नाही तोच डावा गाल चटके बसल्यासारखा झाला. खाज चार, जळजळ चार. नवीलाही तीन. पण मास्तरीणबाई आणि चौथीला काहीच नाही. तीन महिन्यांपूर्वी नवी इथं नव्हती. म्हणजे त्या वेळी एका लिटमसनंच काय ते सांगायचं होतं, आणि तिनं सांगितलं नव्हतं.

मॅडमनी त्या कारखानदाराला त्याच दिवशी कळवलं. तो संतापला. आधी पास, मग नापास, हा काय पोरखेळ आहे म्हणाला, आणि त्यानं आपलं काम दुसरीकडे नेलं. मात्र माल परत घेतो असं कबूल केलं. त्यानं किती घेतला हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून पुढचे दोन आठवडे लिटमस कामावरून सुटली की रोज वेगळ्या रस्त्यानं घरी जायची आणि वाटेतल्या मेडिकलचे स्टँड फिरवून बघायची. बहुतेक ठिकाणी गुलाबी डब्यांची जागा रिकामी होती. एका दुकानात तीन सापडल्या. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस अजून आला नाही. तिनं त्याला गाल दाखवला. डाग अजून पुरता गेला नव्हता. त्यानं मुकाट्यानं तिन्ही डब्या काढून खाली ठेवल्या. तिची पाठ वळल्यावर परत वर लावल्या असतील का, हा विचार तिला दोन दिवस छळत राहिला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन बघून आली. जागा रिकामी होती.

त्या शाळकरी मुलीचं काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही. औषधवाल्या बाईंना ती दोनदा विचारून आली. त्यांच्या दुकानात किती मुली येतात. त्यांना ती आठवतसुद्धा नव्हती. काही झालं नसेल, असं नवरा म्हणायचा. दर पाच मुलींतल्या चौघींना काही होत नाही, असं मुलगी म्हणायची. लिटमस मान डोलवायची आणि पाचवीचा विचार करत राहायची.

मॅडमनी तिला खुर्ची परत दिली. पण आता कुठल्याही वस्तूवर तिची एकटीची सही चालत नाही. नवीची कातडीही चांगलीच तिखट निघाली होती, तेव्हा दोघींच्या सह्या लागतात. फॉर्मच्या डोक्यावर एक नवी ओळ आली आहे: काल रात्रीपासून काय काय पोटात गेलं. मास्तरीणबाई तिथं रोज त्यांच्या गुडघ्याच्या गोळीचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहितात. घरी शिंका सुरूच आहेत. सासूबाईंनी खिडकीला जुन्या चादरीचा दुहेरी पडदा शिवून लावला आहे, आणि आपला डबा त्या आता कुणासमोर उघडत नाहीत.

परवा एक नवी लिपस्टिक आली होती. विटकरी रंगाची, साध्या प्लॅस्टिकच्या नळीतली. रंग छान बसला, चहाच्या कपाला फारसा लागला नाही, ओठ कोरडे पडले नाहीत. दुपारी तीनला नवीनं शून्य लिहून सही केली आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला. लिटमसनं पेन उचललं. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी होतंय असं तिला वाटत होतं; खाज म्हणावी इतकं नाही, काहीच नाही म्हणावं इतकंही नाही. ती आरशाला नाक लावून बसली. साडेतीन वाजले, चार वाजले. नवी दोनदा येऊन डोकावून गेली.

"ताई, काय लिहू?"

"थांब जरा," लिटमस म्हणाली. "अजून बघू दे."